जुन्या बाजारातला पाईप आणि रविवारची संध्याकाळ

नारायणपेठी

मागच्या बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक पाईप मिळाला. गंजलेले पाने, काटे नसलेली घड्याळं आणि चष्म्यांच्या काड्या यांच्या ढिगात तो उपडा पडला होता. तोंडात धरायची नळी शेवाळ चढल्यासारखी हिरवट तपकिरी झाली होती. वाटीच्या काठावर डांबरासारखा थर होता आणि आत कोळसा इतका साचला होता की करंगळी जाईना. विक्रेत्याने दोनशे सांगितले, दीडशेत दिला. घरी येऊन ओल्या फडक्याने पुसला तर मळाखालून लाकडाच्या ज्योतीसारख्या उभ्या रेघा वर आल्या. मी बराच वेळ तो हातात धरून बसलो.

गेली अकरा वर्षं मी पाईप ओढतो. आठवड्यातून एकदाच, रविवारी संध्याकाळी, गच्चीवर, शेजारची मुलं खाली गेल्यावर. सिगरेट कधी ओढली नाही. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काम केलं, त्यामुळे हाताला कानस आणि पॉलिश पेपर हवाच असतो. खरं सांगायचं तर ओढण्यापेक्षा जास्त वेळ माझा जुने पाईप दुरुस्त करण्यात जातो, आणि आनंदही तिथेच जास्त आहे. मराठीत यावर लिहिलेलं फारसं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

हे लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राच्या काठी, कॉर्सिका, सार्डिनिया, कालाब्रिया अशा कोरड्या डोंगराळ भागांत हीथ जातीचं एक मोठं झुडूप वाढतं. त्याच्या खोडाच्या बुंध्याशी जमिनीत गाठ धरते. पाईप होतो तो या गाठीचा. गाठी काढून कापतात, तासन् तास उकळतात आणि मग कित्येक महिने सावलीत सुकवतात. लाकूड घट्ट असतं, उष्णता सोसतं आणि ओलावा शोषून घेतं. फ्रान्समधल्या जुरा डोंगरातलं सें-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याच कामावर उभं राहिलं.

माझ्या या पाईपची नळी व्हल्कनाइटची आहे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, ज्याला आपण एबोनाइट म्हणतो. आपल्याकडच्या जुन्या शाईच्या पेनांची बॉडी याचीच असायची. उन्हाने आणि थुंकीच्या ओलाव्याने ते हिरवट पडतं. घासायला लागलं की गंधकाचा वास खोलीभर पसरतो. मी ४०० नंबरच्या पाण्याच्या पेपरने सुरुवात करतो, मग ६००, १०००, २०००, आणि शेवटी ब्रासो. नळी पुन्हा काळीभोर होऊन त्यात खिडकीचे गज दिसायला लागतात. त्या क्षणासाठी मी दोन संध्याकाळी आनंदाने देतो.

एक प्रश्न आहे. दांड्यावर शिक्का आहे, पण झिजलाय. पहिली ओळ ‘ब्रु’ने सुरू होते, दुसरीत मधली ‘रां’सारखी अक्षरं कळतात. कोणाला काही सुचतंय का?

कोकणवारा

काका, फार छान लिहिलंत. मी रत्नागिरीचा. दोन महिन्यांपूर्वी चुलतभावाने दुबईहून एक पाईप आणि व्हॅनिलाच्या वासाची तंबाखू आणून दिली. पण प्रत्येक वेळी जीभ पोळते, दुसऱ्या दिवशी आमटीसुद्धा झोंबते. शिवाय सारखा विझतो. माझं नेमकं काय चुकतंय?

नारायणपेठी

कोकणवारा, तुम्ही घाई करताय आणि तंबाखू ओली आहे. दोन्ही एकदम झालं की जीभ पोळणारच. ती धुराने कमी आणि वाफेने जास्त भाजते. वासाच्या तंबाखूत गोड सिरप आणि ओलावा टिकवणारी रसायनं घातलेली असतात, आणि त्यात रत्नागिरीचा पावसाळा. एका बैठकीपुरती तंबाखू कागदावर पसरून अर्धा तास टेबललॅम्पच्या बल्बखाली ठेवा. चिमटीत दाबून सोडली की गोळा न राहता सुटली पाहिजे.

भरण्याबद्दल पाईपवाल्यांत जुनं सांगणं आहे : पहिली चिमूट लहान मुलाच्या हाताने, दुसरी बाईच्या हाताने, तिसरी पुरुषाच्या हाताने. म्हणजे तळाशी सैल, मधे थोडी दाबून, वर घट्ट. न पेटवता ओढून बघा. शहाळ्यातल्या नळीतून पाणी यावं तितक्या सहज हवा आली पाहिजे. नाही आली तर सगळी बाहेर काढून पुन्हा भरा. तशीच रेटू नका.

पहिली काडी फक्त वरचा थर काळा करण्यासाठी. तंबाखू फुगून वर येते, ती टँपरने, म्हणजे दाबायच्या छोट्या दांडीने, हलकेच बसवायची. मग दुसरी काडी, गोल फिरवत. त्यानंतर ओढणं असं नाहीच. तोंडात थोडा धूर घ्यायचा आणि सोडायचा. छातीत न्यायचा नाही, कधीच नाही. वाटी हाताला गरम चहाच्या कपासारखी लागली पाहिजे. धरवेना झाली तर खाली ठेवा, विझू द्या. विझणं ही चूक नाही. मी एका बैठकीत चार-पाच वेळा पेटवतो. एक पाईप चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालतो आणि त्या वेळात फोन मी खालीच ठेवून येतो. लक्ष दुसरीकडे गेलं की एकतर तो विझतो, नाहीतर तापतो.

झाल्यावर गार होऊ द्या. गरम असताना नळी उपसायची नाही, दांडा तडकतो. मग लोकरीच्या तारेने आतून पुसा आणि निदान एक दिवस त्याला विश्रांती द्या. लाकूड ओलं असतं, ते सुकलं पाहिजे.

रानजाई

वाचतेय. मी स्वतः काही ओढत नाही, पण काकांनी लिहिलेलं वाचून आजोबांची चिलीम आठवली. माण तालुक्यातलं आमचं गाव. आजोबांच्या कनवटीला चंची असायची, तीत तंबाखू, चकमक आणि कापूस. चिलमीच्या तळाला खडा बसवायचा म्हणजे तंबाखू खाली उतरत नाही, आणि खालच्या तोंडाला ओली छापी, म्हणजे फडक्याचा तुकडा, गुंडाळायची. मी सहा-सात वर्षांची असेन, छापी भिजवून आणायचं काम माझं. सुगी संपली की पारावर पाच-सहा जण बसायचे आणि एकच चिलीम फिरायची. बोलणं अगदी कमी.

पण दुसरीही बाजू सांगते. माझी मावशी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. घरी आली की तिच्या लुगड्याला तो वास असायचा, आणि आम्ही पोरं तिच्याजवळ गेलो की शिंकायचो. तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. १९८१ मध्ये निपाणीचे तंबाखू शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसले होते, त्या दिवसांबद्दल ती फार बोलायची. हातातल्या चिमटीमागे शेतात वाकलेली आणि वखारीत बसलेली माणसं आहेत, हे या धाग्यात यावं असं वाटलं.

नारायणपेठी

रानजाई, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. छापी आणि खडा हे शब्द मी कित्येक वर्षांनी वाचले. पाईप ओढताना आपण जे करतो त्याचंच ते रूप आहे, धूर गार करायचा आणि राख तोंडात येऊ द्यायची नाही. मावशींबद्दल वाचून थांबलो. त्यावर मी काय बोलणार.

दंतवैद्य_नागपूर

नारायणपेठीकाका, तुमचं लिखाण आवडलं, आणि तुम्ही धूर छातीत घेत नाही हेही वाचलं. पण मी रोज लोकांच्या तोंडात बघतो, त्यामुळे गप्प राहता येणार नाही.

धूर गिळला नाही तरी तोंडात फिरतोच. सिगारचा धूर सिगरेटपेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. एका मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या सिगरेटच्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगार-पाईपने वाढतो. ओठाच्या कर्करोगाशी पाईपचा संबंध अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालातच नोंदवलेला आहे.

पाईपवाल्यांत मला सगळ्यात जास्त दिसते ती टाळूची एक अवस्था. टाळू पांढुरकी पडते आणि तिच्यावर लाल ठिपके उठतात. ती मुख्यतः उष्णतेने होते आणि सोडल्यावर बहुतेक वेळा काही आठवड्यांत निवळते. किनारपट्टीच्या आंध्रात बायका चुट्टा, म्हणजे गावठी सिगार, उलटा ओढतात, पेटलेलं टोक तोंडात ठेवून. तिथे मात्र टाळूचा कर्करोग दिसतो. हे मी शिकत असताना स्वतः पाहिलंय.

आठवड्यातून एकदा आणि रोज यात फरक नक्कीच आहे. पण धोका शून्य होत नाही. जो ओढतच नाही त्याने या धाग्यावरून सुरुवात करू नये, ही कळकळीची विनंती. आणि जे ओढतात त्यांनी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्या. दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा न जाणारा पांढरा डाग असेल तर थांबू नका.

नारायणपेठी

डॉक्टर, तुमचा प्रत्येक शब्द मान्य. दर वर्षी तपासणी करतो, या वर्षीची राहिली आहे, याच आठवड्यात जाईन. माझं म्हणणं हा छंद निरुपद्रवी आहे असं कधीच नव्हतं. आणि ज्यांना हातांचं काम आवडतं त्यांनी जुने पाईप नुसते दुरुस्त करून फडताळात मांडले तरी आनंदाचा मोठा वाटा मिळतो. माझ्याकडे चौदा आहेत, त्यातले नऊ मी कधी पेटवलेले नाहीत.

टँपातली_वैशाली

नमस्कार मंडळी. गेली बारा वर्षं फ्लोरिडात टँपाला आहे. इथे यबोर सिटी नावाचा जुना भाग आहे. १८८५ च्या सुमारास व्हिसेंते मार्तिनेस यबोर यांनी तिथे सिगारचे कारखाने आणले आणि क्युबन, स्पॅनिश, इटालियन कामगारांची वस्ती झाली. विटांच्या त्या लांबट इमारती अजून उभ्या आहेत. एकीवर १९१० चं घड्याळ आहे आणि आत आजही सिगार बनतात.

माझे यजमान महिन्यातून एखादा सिगार ओढतात. पण मला त्या कारखान्यांतली एक गोष्ट जास्त भावली, ती म्हणजे वाचक. पानं वळणारे कामगार शेकड्यांनी रांगेत बसायचे आणि मधे उंच चौथऱ्यावर एक माणूस मोठ्याने वाचायचा. सकाळी वर्तमानपत्रं, दुपारनंतर कादंबऱ्या. त्याचा पगार मालक नाही, कामगार आपल्या खिशातून द्यायचे आणि काय वाचायचं तेही तेच ठरवायचे. ही प्रथा हवानात १८६५ मध्ये सुरू झाली. टँपात १९३१ मध्ये मालकांनी वाचकांना काढलं आणि त्यांच्या जागी रेडिओ आले. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशी माणसं त्या काळात मोठमोठ्या कादंबऱ्यांतल्या पात्रांवर वाद घालायची. आपल्याकडे केरळात कण्णूरच्या विडी कारखान्यांतही असं वाचन चालायचं.

सिगार तीन थरांचा असतो. आतलं भरण, ते आवळून धरणारं पान, आणि वरचं देखणं पान. वरच्या पानावर शीर उठून दिसता कामा नये, म्हणून कनेटिकटमध्ये शेतावर कापडाचा मांडव घालून सावलीत ती पानं वाढवतात. वळणाऱ्या बाईंच्या हातात चंद्रकोरीच्या आकाराची एक सुरी असते, बाकी काहीही नाही. मी पाऊण तास शेजारी उभी राहून पाहिलं. पोळी लाटताना कड जशी आपोआप गोल येत जाते तसे त्यांचे हात चालत होते.

काकांच्या शिक्क्याबद्दल : तिरप्या उजेडात फोटो काढून टाकाल का?

उरैयूरचा_पाहुणा

नोकरीमुळे तिरुचिरापल्लीत आहे. आपण ‘चिरूट’ म्हणतो तो शब्द इथलाच. तमिळमध्ये ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी, त्यावरून इंग्रजीत चेरूट आणि आपल्याकडे चिरूट. इंग्रजांच्या काळात इथला चिरूट लंडनपर्यंत जायचा. उरैयूर भागात अजून थोडी घरं हे काम करतात. दोन्ही टोकं उघडी, जाडी एकसारखी, पान काळपट. जवळच दिंडीगुल आहे, कुलुपांसाठी प्रसिद्ध, पण सिगारसाठीही तितकंच नावाजलेलं होतं. वेडसंदूरला तंबाखू संशोधन केंद्र आहे. मी एक चिरूट ओढून पाहिला. फार कडक आहे, रिकाम्या पोटी अजिबात नको.

कोकणवारा

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तंबाखू दिव्याखाली ठेवली, चार वेळा पेटवला, जीभ अजिबात पोळली नाही! पन्नास मिनिटं चालला. डॉक्टरांचा प्रतिसादही दोनदा वाचला, महिन्यातून दोनदाच असं ठरवलंय.

वैशालीताई, भावाने दोन सिगारही आणले होते. लाकडी डबीत ठेवले तर आठ दिवसांत त्यांच्यावर हिरवी लव आली. फेकून दिले. कसे ठेवायचे असतात?

टँपातली_वैशाली

हिरवी किंवा निळसर लव म्हणजे बुरशी, फेकलेत ते बरोबर केलंत. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. त्यासाठीच्या पेट्यांना आतून स्पॅनिश सीडर नावाचं लाकूड लावतात. थंड कोरड्या देशांत त्या पेटीत ओलावा घालावा लागतो, कोकणात उलट, बाहेरचा ओलावा अडवायचा आहे. त्यामुळे नुसत्या लाकडी डबीपेक्षा घट्ट झाकणाचा साधा डबा चांगला. त्यात आर्द्रता दोन्ही बाजूंनी सांभाळणारी ६५ टक्क्यांची पुडी टाका आणि डबा घरातल्या सर्वात थंड कोपऱ्यात ठेवा.

आणखी एक म्हणजे तंबाखूचा भुंगा. पानात त्याची अंडी असू शकतात आणि उकाड्यात ती फुटतात. सिगारला टाचणीएवढी भोकं दिसली की समजा. आमच्याकडे नवा सिगार आला की पिशवीत घट्ट बंद करून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रिजमध्ये, आणि मगच डब्यात. एकदम बाहेर काढला तर वरचं पान फाटतं.

बखरवाचक

अवांतर, पण आपल्या भागाशी जवळचं. पोर्तुगीजांमुळे तंबाखू गोव्यात आणि तिथून दख्खनेत आली. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता, तिथे त्याने ती पहिल्यांदा पाहिली. १६०५ च्या आसपास परतताना त्याने बादशहासाठी तंबाखू आणि रत्नं जडवलेली चिलीम-नळी नेली. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की अकबराने दोन-चार झुरके घेतले आणि हकीम अस्वस्थ झाले. पुस्तकांत ज्याचा उल्लेख नाही ते बादशहाने कसं घ्यावं, असा त्यांचा आक्षेप. मग दरबारात वाद झाला. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. म्हणजे दंतवैद्यांचा आणि काकांचा संवाद चारशे वर्षांपूर्वी आग्र्यात झालेला आहे, आणि तंबाखू तिथे गेली होती आपल्या विजापुराहून.

सह्यकडा

काका, तंबाखू कुठली वापरता? चवींबद्दल लिहा ना.

नारायणपेठी

भाचा जर्मनीहून वर्षातून एकदा ५० ग्रॅमचे दोन डबे आणतो. मला वर्षभर तेवढं पुरून उरतं.

एक साधी व्हर्जिनिया, वडीसारखी दाबून कापलेली. डबा उघडला की गवताच्या गंजीचा वास येतो, आणि अर्ध्या पाईपनंतर गोडी लागते. दुसरी लटाकिया मिसळलेली. ही पानं आधी सीरियात आणि आता सायप्रसमध्ये लाकडाच्या धुरावर धरतात. कोकणातल्या जुन्या घरात चुलीवरच्या माळ्यावरचे वासे कसे धुराने काळे झालेले असतात, तिथे नाक नेलं तर जो वास येईल तो हा. बायकोला अजिबात आवडत नाही, म्हणून ती फक्त भर पावसात, गच्चीच्या पत्र्याखाली. एकदा पेरीक चाखायला मिळाली. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात ती पिंपात दाबून वर्षभर मुरवतात. चव मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याकडे झुकणारी, नाकात झिणझिण्या आणणारी.

आता शिक्का. वैशालीताईंनी सांगितल्याप्रमाणे रात्री टॉर्च आडवा धरून फोटो काढला. सोबत जोडतोय.

टँपातली_वैशाली

काका, स्पष्ट दिसतंय! ‘ब्रुयेर गारांती’. फ्रेंच आहे. ब्रुयेर म्हणजे ब्रायर, गारांती म्हणजे खात्रीची. हे बनवणाऱ्याचं नाव नाही, अनेक साध्या पाईपांवर हाच शिक्का असायचा. त्यामुळे कोणी बनवला ते कळणार नाही, पण लाकूड अस्सल आहे एवढं त्यानेच सांगून ठेवलंय.

नारायणपेठी

ताई, आभार. मला हे उत्तर एखाद्या मोठ्या नावापेक्षा जास्त आवडलं.

काम काल संपलं. नळी दांड्यात इतकी घट्ट बसली होती की हलेना. पिरगाळली असती तर आतलं टोक मोडलं असतं. पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवला, मग अलगद सुटली. आतला कोळसा बोथट सुरीने खरवडत मिलिमीटरभर ठेवला. तेवढा थर हवाच, तो लाकडाला आगीपासून राखतो. मग वाटीत कापूस भरून आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी कापूस काळ्या चहासारखा झाला होता. तीनदा केल्यावर पांढरा राहिला आणि कोणा अनोळखी माणसाच्या तंबाखूचा जुना वास गेला. काठ एका बाजूने बराच जळलेला होता, तो सपाट केला नाही. फक्त थुंकी लावलेल्या सुती फडक्याने पुसला. जुन्या कारागिरांचा हा उपाय मला अजून कुठल्याही द्रावणापेक्षा चांगला वाटतो. शेवटी कार्नोबा मेणाचा हात दिला.

नळीवर दातांच्या दोन खाचा होत्या. व्हल्कनाइट ऊब दिली की फुगून पूर्ववत होतं, म्हणून लायटरची ज्योत लांबून फिरवली. उजवीकडची खाच भरून आली. डावीकडची खोल होती, ती राहिली, आणि मीही तिला पुन्हा ज्योत दाखवली नाही. आज संध्याकाळी पहिल्यांदा पेटवला, व्हर्जिनियाच भरली. पहिल्या दहा मिनिटांत थोडा कडू लागला, मग स्वच्छ. खाली वाड्यात कुणीतरी पेटी वाजवत होतं. राख करड्या रंगाची, अगदी तळापर्यंत कोरडी निघाली.

डॉक्टर, शुक्रवारी तपासणी झाली, टाळू ठीक आहे, पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.

कोकणवारा, पुढच्या महिन्यात पुण्याला येणार म्हणालात. बुधवारी या. जुना बाजार दहाच्या सुमारास भरायला लागतो, लवकर गेलं की ढीग कोणी उलथलेला नसतो. माझ्याकडे एक जास्तीचा रीमर, म्हणजे वाटीतला कोळसा खरवडायचं हत्यार, आहे, तो तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलाय.